बसणारी बस

डेपोच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे ठिणगी म्हणत. हे नाव पडलं ते वायरिंगच्या कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात. बॅटरीच्या टोकांवर तिच्या हातून पाना आडवा पडला, टप्पकन ठिणगी उडाली आणि आसपासचे सगळे हातातलं काम टाकून धावत आले. ती मात्र पान्याला पडलेला खळगा बोटाने चाचपत उभी. "बापरे," म्हणाली, "एवढ्याशा डब्यात एवढा राग!" त्या दिवसापासून तिचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं.

मुळात ती वायरिंगवाली नव्हतीच. तरुणपणी मोटारींना तांब्याची तार गुंडाळायच्या कारखान्यात होती. तो कारखाना बंद पडला आणि तिला डेपोत बसगाड्या धुण्याचं काम मिळालं. धुता धुता तिचं लक्ष भलतीकडेच असायचं. कुठला दिवा फडफडतोय, कुठली घंटा दाबल्यावर उशिरा वाजते, हे ती जाता जाता सांगून टाकायची. तिथला म्हातारा वायरमन कमरेने अधू झालेला, डॅशबोर्डखाली शिरणं त्याला जमत नव्हतं. एके दिवशी तो तिला म्हणाला, "जरा आत डोकं घालून सांग, ती लाल वायर कुठे जाते." तिने सांगितलं. मग पिवळी कुठे जाते तेही सांगितलं, आणि हिरवी कुठेच जात नाही हेही. म्हाताऱ्याने साहेबांकडे जाऊन तिच्या हातातली बादली सोडवली.

त्यानेच तिला मीटर धरायला शिकवलं. "मीटर खोटं बोलत नाही," तो म्हणायचा, "पण आळशी असतो. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. तेव्हा विचारताना डोकं लाव."

तिचा नवरा त्याच वर्कशॉपमध्ये खालच्या अंगाचं काम बघायचा, म्हणजे चाकं, आस आणि गाडी ज्यावर तरंगते ते सस्पेन्शन. त्याच्या अंगावरचा कामाचा डगलासुद्धा कडक इस्त्रीचा असे. गाडीखालून बाहेर आला तरी चुण्या जागच्या जागी. म्हणून तो झाला 'इस्त्री मिस्त्री'. त्याचे पाने उंचीप्रमाणे टांगलेले असत. त्याने घट्ट केलेला बोल्ट कधी सैल झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्यांचं जमलं ते भांडणातून. एकदा ती चहाला गेली असताना त्याने तिच्या टेबलावरच्या सगळ्या वायरी गुंडाळून, बांधून, रंगाप्रमाणे ओळीने लावून ठेवल्या. ती परत आली आणि तिला काहीच सापडेना. "माझ्या पसाऱ्याला हात लावायचा नाही!" असा तिचा आवाज पार डिझेल भरायच्या पंपापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला आला आणि बोलता बोलता नकळत तिच्या दोन वायरी गुंडाळून बसला. तिला हसू आवरेना. दोघांचंही लग्नाचं वय तसं उलटून गेलं होतं, पण वर्षाच्या आत ते उरकलं. सासूबाईंनी सुनेला पहिल्याच दिवशी जवळ बसवून सांगितलं, "बरं झालं आलीस. या घरात कप कुठेही ठेवला तरी तो उचलला जातो. आता तरी माझ्या बाजूने कोणी असेल."

वर्कशॉपमध्ये एकमेकांना 'अहो' आणि 'अगं' म्हणायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. तिथे ती ठिणगी आणि तो मिस्त्री. फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'अहो' सुरू.

पुढे नव्या बसगाड्या आल्या. बुटक्या, पायरी जवळजवळ नसलेल्या. जुन्या गाड्यांना खाली लोखंडी पाटे असत. या गाड्या रबराच्या मोठ्या फुग्यांवर उभ्या. फुग्यात हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. प्रत्येक बाजूला एक छोटा सेन्सर, त्याला करंगळीएवढी दांडी. गाडी वर-खाली झाली की दांडी हलते आणि सेन्सर वायरीतून कळवतो की आत्ता गाडी इतकी उंच आहे. ड्रायव्हरच्या मागे एक बंद पेटी. तिच्यात हे सगळे निरोप येतात आणि ती ठरवते, हवा भरायची की सोडायची. थांब्यावर ड्रायव्हरने बटण दाबलं की गाडी दाराच्या बाजूने जराशी वाकते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढायला सोपं जावं म्हणून.

या गाड्यांनी ठिणगीच्या संसारात एक नवाच वाद आणला. पूर्वी गाडी एका बाजूला कलली की ते काम मिस्त्रीचं, दिवा विझला की ठिणगीचं. आता गाडी कलली तर दोष फुग्याचा की वायरीचा? मिस्त्री म्हणायचा, "फुगा ठणठणीत आहे, तुमच्या विजेचंच काहीतरी असणार." ठिणगी म्हणायची, "वीज जिथल्या तिथे आहे, हवा कुठे जाते ते बघा आधी." सगळ्याच वर्कशॉपमध्ये हे भांडण असतं. यांच्यात ते जेवणाच्या टेबलापर्यंत यायचं. शेवटी सासूबाईंनी चमचा आपटून फर्मान काढलं, "जेवताना सस्पेन्शन नाही!"

त्यातल्या एका गाडीला त्या हिवाळ्यात विचित्र खोड लागली. चालता चालता ती खाली बसायची. दाराकडची मागची बाजू हळूहळू दबायची, ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लागायचा, आणि मग गाडी लंगड्यासारखी चालत डेपोत यायची. इथे इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की फुस्स करून हवा भरे आणि गाडी अशी सरळ उभी राही, जणू काही झालंच नाही. "दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर दाढ दुखायची थांबते ना," तिचा ड्रायव्हर म्हणायचा, "तसली ही." ड्रायव्हर गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस. त्याच्या गाडीत बसलं की उतरेपर्यंत निम्म्या शहराच्या बातम्या कळत.

मिस्त्रीने फुग्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा नाही. नळ्या तपासल्या, वॉल्व्ह खोलून पुसून परत बसवले. सगळं स्वच्छ. तो हात पुसत तिच्याकडे आला. "तुमच्या खात्यात जमा," म्हणाला.

ठिणगीने लॅपटॉप जोडला. पेटीने तक्रार नोंदवली होती: दाराकडच्या मागच्या सेन्सरचा निरोप चुकीचा. तिने सेन्सर बदलला. गाडी आठवडाभर शहाण्यासारखी वागली आणि पुन्हा बसली. मग तिने सेन्सरपासून पेटीपर्यंतच्या तिन्ही वायरी मीटरने तपासल्या. तिन्ही धडधाकट. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा तरुण इंजिनिअर आला. मुलगा हुशार होता आणि कष्टाळूही. त्याने पेटीच बदलून पाहिली, आणि जाताना तिला एक मोलाची गोष्ट सांगून गेला. "ताई, बसायच्या जरा आधी सेन्सरचा आकडा वाढतो. म्हणजे पेटीला वाटतं गाडी फार उंच झाली, म्हणून ती बिचारी हवा सोडते. पेटी वेडी नाही. तिला कोणीतरी फसवतंय."

पण कोण फसवतंय ते त्यालाही कळलं नव्हतं. नव्या पेटीनिशीही गाडी बसलीच.

ठिणगी लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन फेऱ्या त्या बसमधून फिरली. दोन्ही फेऱ्यांत गाडीने कूस बदलली नाही. ड्रायव्हर खजील झाला. "तुम्ही आलात की लाजते हो."

साहेबांचाही नाइलाज होता. भरल्या रस्त्यात खाली बसणारी गाडी ते किती दिवस चालवणार? गाडी लांबच्या मुख्य कारखान्यात पाठवायची असं ठरलं. ती परत कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. तोवर त्या मार्गावर जुनी, उंच पायऱ्यांची बस.

आणि त्याच मार्गाच्या बसने सासूबाई ये-जा करत.

सासूबाईंचा गुडघा शस्त्रक्रियेचा. पण त्यांना घरात बसणं ठाऊक नव्हतं. पलीकडच्या भागात वयस्कर मंडळींचं एक गायनमंडळ होतं आणि सासूबाईंचा आवाज असा काही घोगरा आणि खोल, की पुरुषांच्या ओळीत त्यांना उभं केलं होतं. "माझ्याशिवाय त्यांची खालची पट्टी कोसळते," असं त्या सांगत, आणि ते खरंही असावं. आठवड्यातून दोनदा काठी टेकत कोपऱ्यावरच्या थांब्यावर जायचं, बुटक्या बसमध्ये चढायचं आणि गायला जायचं. यात त्या कुणाची मदत घेत नसत.

जुनी बस सुरू झाली त्या दिवशी सासूबाई गेल्या तशा परत आल्या. ठिणगी संध्याकाळी घरी आली तर त्या स्वयंपाकघरात टोपलीभर वाटाणे घेऊन सोलत बसलेल्या, आणि शेंगा नेहमीपेक्षा जरा जोरात मोडत होत्या.

"आई, गायला नाही गेलात?"

"गेले होते. ती शिडीवाली बस आली. ड्रायव्हर म्हणाला, हात देतो आजी. मी म्हटलं, हात दे पण पाय कुठून देशील?"

ठिणगी समोर बसून सोलू लागली. तिला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता, कुणाचा ते मात्र कळत नव्हतं. नवरा दाराशी उभा राहून बूट एकाला एक लावून ठेवत होता.

"माझी बस कधी येणार?" सासूबाईंनी विचारलं.

"काही सांगता येत नाही, आई. बिघाडच सापडत नाही."

"बिघाड? कसला बिघाड? चांगली रीतीची बस होती. मला बघितलं की वाकायची."

"ते ड्रायव्हर बटण दाबतो म्हणून, आई," मिस्त्री म्हणाला.

"तो? तो कसला दाबतो! तो खिडकीतून पेपरवाल्याशी बोलत असतो. बस आपणहून वाकायची. थांब्यापाशी पोचायच्या आधीच." सासूबाईंनी सोलायचं थांबवून हात बससारखा आडवा धरला. "ती बेकरीच्या कोपऱ्यावरून वळते ना, तेव्हा मी समोरूनच बघत असते. वळताना आधी हा खांदा उडवते." त्यांनी हाताची एक बाजू वर उचलली. "अशी. काय त्याचं असं म्हटल्यासारखी. आणि मग सरळ झाली की हळूहळू बसत येते. माझ्यापुढे येईतो छान खाली. मी त्या ड्रायव्हरला दर वेळी शाबासकी देते, आणि तो घेतो मेला!"

ठिणगीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आई, पुन्हा सांगा. आधी वर?"

"आधी वर. मग खाली. दर वेळी नाही हं. उशीर झाला असला आणि तो वळण जोरात घेतो तेव्हा."

ठिणगीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने तिच्याकडे. जेवताना सस्पेन्शन नाही हा नियम होता, पण अजून जेवण कुठे सुरू झालं होतं?

"अहो," ती म्हणाली, "आपण तिला उंच करून कधी बघितलंच नाही."

ते खरं होतं. गाडी खाली बसते ही तक्रार, म्हणून सगळ्यांनी ती बसलेली तपासली, नाहीतर सरळ उभी. मिस्त्रीने, तिने, त्या इंजिनिअर मुलानेही. दाराच्या बाजूला वळताना गाडी बाहेरच्या अंगाला झुकते तेव्हा दाराची बाजू नेहमीपेक्षा उंच जाते, आणि नेमका त्या क्षणी खाली काय होतं हे बघायला कुणीच गेलं नव्हतं. ठिणगी लॅपटॉप घेऊन फिरली त्या दिवशी तर ड्रायव्हरने तिच्या भीतीने प्रत्येक वळण पाळण्यातल्या बाळाला जपावं तसं घेतलं होतं.

"वाटाणे?" सासूबाईंनी विचारलं.

"सोलते, सोलते," म्हणत ठिणगीने राहिलेल्या शेंगा अशा वेगाने सोलल्या की निम्मे दाणे जमिनीवर गेले आणि ते मिस्त्रीला गोळा करावे लागले.

सकाळी ती साहेबांकडे गेली. "आजचा दिवस द्या," म्हणाली. साहेबांनाही गाडी पाठवायची हौस नव्हतीच. त्यांनी मान हलवली.

गाडी खड्ड्यावर घेतली. वर्कशॉपमधला तो लांबट खड्डा, ज्यात उतरलं की गाडीचं पोट डोक्यावर येतं. ठिणगीने सेन्सरचा आणि पेटीचा जोड, दोन्ही सोडवले. तिन्ही वायरी आता मोकळ्या. या वेळी तिने मीटर घेतला नाही. वायरीच्या आतले बारीक तांब्याचे केस सगळे तुटले आणि एखादाच शिल्लक राहिला, तरी मीटरच्या चिमूटभर विजेला तो पुरतो, आणि मीटर म्हणतो सगळं ठीक. म्हणून तिने छोटा बल्ब घेतला. विजेने बॅटरीतून निघायचं, त्या वायरीतून जायचं आणि बल्ब पेटवायचा, असं काम प्रत्येक वायरीला लावलं. काम लावलं की कोण किती पाण्यात आहे ते कळतं.

पहिली वायर, बल्ब लख्ख. दुसरी, लख्ख. तिसरी, लख्ख.

"मिस्त्री, जॅक लावा," ती खड्ड्यातून ओरडली. "दाराची बाजू उचला. सावकाश."

मिस्त्रीने जॅक मारायला सुरुवात केली. गाडी कुरकुरत उंच होऊ लागली.

"अजून."

बल्ब तसाच.

"अजून थोडं."

"याहून जास्त म्हणजे बेकरीचं वळण दोन चाकांवर घेतल्यासारखं होईल," वरून आवाज आला.

"मारा हो!" ती म्हणाली. वर्कशॉपमध्ये 'हो' चालत नव्हतं, पण तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या झटक्याला बल्ब लाल झाला. आणखी एक झटका, आणि विझला.

"खाली घ्या!" बल्ब पेटला. "वर!" विझला. "खाली!" पेटला. ती खड्ड्यात उभी राहून लहान पोरीसारखी हसत होती. तिसरी वायर, अर्थिंगची. तीच. ती तुटली की सेन्सरचा आकडा उगाच वर चढतो, पेटीला वाटतं गाडी आभाळाला टेकली, आणि ती हवा सोडते; एकदा फसली की इंजिन बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत त्या सेन्सरवर विश्वासच ठेवत नाही. सगळा हिशेब लागला. कंपनीचा मुलगा म्हणाला होता तसंच.

मग ती बोटांनी वायर चाचपत निघाली. वरून आवरण अगदी नवं, कुठे चरा नाही, खरचटणं नाही. गाडीच्या सांगाड्याला वायरींचा जुडगा धरून ठेवायला प्लास्टिकचा पट्टा बांधलेला होता, आणि तिथून वायर खाली सेन्सरकडे जात होती. पट्ट्याला लागूनच बोट थांबलं. आवरणाच्या आत पोकळ लागत होतं. जिथे वायर सैल झोळीसारखी असायला हवी, तिथे ती पट्ट्याने आवळून ताठ ओढलेली. गाडी फार उंच झाली की ती ताणली जायची आणि नेमकी पट्ट्यापाशी मुरडायची. मुरडून मुरडून आतलं तांबं तुटलं होतं. वरच्या रबराला कळलंसुद्धा नव्हतं.

तिने टॉर्चचा झोत पट्ट्यावर धरला. पट्ट्याचं उरलेलं शेपूट अगदी मुळाशी कापलेलं होतं. आणि कापलेली कड कानशीने घासून गोल केलेली, कुणाच्या हाताला बोचू नये म्हणून.

अशी कड या वर्कशॉपमध्ये एकच माणूस घासत असे. गेल्या उन्हाळ्यात तिथला फुगा त्यानेच बदलला होता.

ती म्हणाली, "मिस्त्री, खाली या."

तो डगला सावरत उतरला. तिने झोत पट्ट्यावर धरून ठेवला. मिस्त्रीने चष्मा पुसला, मान वर करून बघितलं.

"वा," तो म्हणाला. "सुरेख बांधलंय."

तिने झोत आणखी जवळ नेला.

"कड बघ कशी घासली आहे. अशी माणसं आता—" आणि तिथे त्याचं वाक्य थांबलं. वर कोणीतरी टायर ढकलत नेत होतं त्याचा घरंगळता आवाज तेवढा येत होता. "हे मी बांधलंय," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"लोंबत होती गं वायर. वाईट दिसत होती."

"लोंबायलाच हवी ती. तिला वर-खाली जायचं असतं."

त्याचे कान लाल झाले. ठिणगीला त्या क्षणी बोलण्यासारखं पुष्कळ होतं. इतक्या दिवसांची भांडणं, साबणाचं पाणी, 'तुमच्या खात्यात जमा' हे सगळं जिभेवर आलं होतं. पण तो आपल्या इस्त्रीच्या डगल्यात, हातात चष्मा धरून, इतका गरीब चेहरा करून उभा होता की तिने सगळं गिळलं. "कात्री द्या," एवढंच म्हणाली.

त्याने स्वतःच पट्टा कापला. तिने तुटका तुकडा काढून नवी वायर जोडली, आणि झोळी सोडून सैल बांधली. बांधताना तो शेजारी उभा राहून बघत होता. त्याचे हात शिवशिवत होते हे तिला दिसत होतं.

"इतकी सैल?" त्याने विचारलं.

"इतकी."

"वाईट दिसतं."

"दिसू दे."

गाडी जॅकने पुन्हा पार वर नेली. बल्ब लख्ख. वर, खाली, वर, खाली, बल्ब मिणमिणलासुद्धा नाही. नंतर ड्रायव्हरला बोलावून बेकरीचं वळण त्याला हवं तितक्या जोरात घ्यायला लावलं. त्याने इतक्या आनंदाने घेतलं की मागच्या बाकावरची ठिणगी पुढच्या बाकावर आली. गाडी बसली नाही.

साहेबांनी विचारलं, "काय होतं?"

"वायर आतून तुटली होती. जोडली," ठिणगी म्हणाली. तिच्या बाजूने विषय संपला होता.

पण मिस्त्रीच्या बाजूने नव्हता. दुपारच्या चहाला तो उभा राहिला, कापलेला पट्टा खिशातून काढला, आणि सगळ्या वर्कशॉपला सविस्तर सांगितलं की हा आपण कसा बांधला, का बांधला, कड कशी घासली आणि त्यामुळे काय झालं. कोणी हसलं, कोणी म्हणालं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तोही हसला. मग पुढचे काही दिवस तो प्रत्येक बुटक्या बसखाली उतरून आपले सगळे पट्टे सैल करत फिरला. आणखी एका गाडीची वायर तशीच तुटायला आलेली सापडली. ती त्याने ठिणगीला अशा ऐटीत दाखवली, जशी काही ती त्यानेच शोधून लावलेली नवी जात असावी.

सासूबाई मात्र पहिल्या दिवशी नाराज झाल्या. बस वळणावरून आली, थांब्यापाशी थांबली आणि ताठ उभी राहिली. सासूबाई काठी टेकून खाली उभ्या, बस वाकायची वाट बघत. ड्रायव्हर पेपरवाल्याशी बोलत होता. बराच वेळ गेला. शेवटी सासूबाईंनी काठीने दार ठोकलं.

"काय रे, माज आला का तिला?"

ड्रायव्हरला आठवलं की त्या बाजूला एक बटण असतं. त्याने दाबलं, बस वाकली, सासूबाई चढल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आता खरी शाबासकी." त्या दिवशी गायनमंडळाची खालची पट्टी भक्कम होती, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं.

त्यानंतर घरातले वाद संपले असं नाही. पण त्यांचा सूर बदलला. गाडी कलली की आता दोघं बरोबर खड्ड्यात उतरतात. आधी ती विचारते, "तुमचं काय मत?" आणि आधी तो म्हणतो, "तू बघ ना." या शिष्टाचारात कधी कधी इतका वेळ जातो की साहेब वरून विचारतात, "कुणीतरी बघणार आहे का?" सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावरचा नियम सैल केला. त्यांच्या निरीक्षणाने एक गाडी दुरुस्त झाल्यापासून त्यांना स्वतःलाच सस्पेन्शनवर पुष्कळ बोलायचं असतं. संध्याकाळी गायन आटोपून आल्या की त्या पूर्ण अहवाल देतात. अमुक बस थांबताना मान डोलावते, तमुक बस खड्ड्यातून गेली की दोनदा उसासा टाकते. ठिणगी मन लावून ऐकते. त्यातलं निम्मं काहीच नसतं. उरलेल्या निम्म्यातून काही ना काही निघतं.

यंदा डेपोत विजेवर चालणारी पहिली बस आली. त्याआधी ठिणगी दुसऱ्या शहरात शिकायला जाऊन आली. वर्गात सगळ्यात वयस्कर तीच. पहिल्या दिवशी ती मागच्या बाकावर एकटीच बसली, पण तिसऱ्या दिवसापासून बाकीचे तिच्याच बाकाशी घोळका करून बसू लागले. घरून रोज फोन यायचा. नवरा विचारायचा, जेवलीस का. सासूबाई मागून ओरडायच्या, तिला काय शिकवलं ते विचार.

बस आली त्या सकाळी सगळं वर्कशॉप भोवती जमलं. गाडीत इंजिनच नाही म्हटल्यावर काही जण उगाच टायरला लाथा मारून बघत होते. ठिणगीने कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे चढवले. मिस्त्रीने तिच्या गळ्याचं बटण नीट लावून दिलं. तिने मागचं झाकण उघडलं. आत नारिंगी रंगाच्या जाडजूड केबली एकाशेजारी एक वळण घेत खाली उतरत होत्या, प्रत्येक वळणाला हवी तेवढी झोळी सोडलेली. ती थोडा वेळ नुसतीच बघत राहिली.

"काय आहे आत?" साहेबांनी विचारलं.

"या ना, बघा तरी," ती म्हणाली आणि सगळ्यांना दिसावं म्हणून जराशी बाजूला सरकली.